भाच्याला क्रेनिओफॅरिंजिओमा निघाला आहे, माहिती आणि अनुभव हवेत

चिंचबन

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय आठ. गणपती झाल्यापासून त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची आणि मग दिवसभर बरा असायचा. पित्त असेल, शाळेचा कंटाळा असेल, असं म्हणता म्हणता दोन महिने गेले. तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायला लागला तेव्हा चष्मा लागला असेल म्हणून डोळे दाखवायला नेलं. त्या मॅडमनी डोळ्यात थेंब घालून आत बघितलं, नस सुजली आहे म्हणाल्या आणि त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

रिपोर्टमध्ये आहे ते असं: पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोन्सची ग्रंथी) वर पाण्याने भरलेली पिशवी, तिला लागून घट्ट भाग, सीटीमध्ये कॅल्शियमचे कण, क्रेनिओफॅरिंजिओमा, म्हणजे तिथली एक गाठ, असण्याची शक्यता. बहीण आणि मेहुणे त्याला घेऊन पुण्यात आहेत, मी कराडला. ऑपरेशन याच आठवड्यात करू म्हणतायत.

आता एकेक आठवतंय. दोन वर्षं त्याची पँट कधी आखूड झाली नाही. रात्री दोनदा-तीनदा उठून तांब्याने पाणी प्यायचा. याचा त्याच्याशी संबंध असतो का? हा कॅन्सर आहे का? ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय काय विचारावं? घरचे सगळे म्हणतायत, गाठ मुळापासून काढूनच टाका.

वाटसरू

चिंचबनताई, आमची मुलगी सात वर्षांची असताना तिला हेच निघालं होतं. आता ज्युनियर कॉलेजला आहे, चित्रकलेच्या परीक्षा देते, घरात भांडतेही भरपूर. हे आधी सांगतो, कारण त्या पहिल्या आठवड्यात आम्हाला असं मूल मोठं झालेलं कुणी दाखवलं असतं तर खूप आधार वाटला असता.

सविस्तर रात्री लिहितो. आत्ता एवढंच करा: बहिणीला सांगा, ऑपरेशनआधी कॉर्टिसॉल (आजारपणात शरीराला तगवणारं हार्मोन), थायरॉइड आणि सोडियम तपासलं का ते विचार. आणि मुलांच्या हार्मोन्सचे डॉक्टर, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्ट, आजच्या आज केसमध्ये घ्यायला सांग.

सोनचाफा

मी याच शाखेत काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. तुमच्या भाच्याला तपासलेलं नाही, तेव्हा त्याचे निर्णय त्याच्या डॉक्टरांचेच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, हा कॅन्सर नाही. ही गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही. बाळ पोटात असताना पिट्युटरी ग्रंथी तयार होते, त्या वेळच्या काही पेशी मागे राहतात आणि त्यांच्यापासून ही गाठ होते. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला अर्धा ते दोन, इतकं हिचं प्रमाण. त्यामुळे गल्लीतल्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसू शकतो. पाच ते चौदा वर्षं हे मुलांमधलं नेहमीचं वय. मुलांमध्ये जो प्रकार दिसतो, अ‍ॅडमँटिनोमॅटस, त्यात दहापैकी नऊ वेळा पिशवी असते आणि दहापैकी नऊ वेळा कॅल्शियम. पिशवीतलं पाणी गडद, इंजिनमधल्या जुन्या ऑइलसारखं असतं आणि त्यात कोलेस्टेरॉलचे चमकते कण असतात.

पण कॅन्सर नाही म्हणून हलकं घ्यायचं असंही नाही. सगळी अडचण जागेची आहे. गाठीच्या पुढे डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, खाली पिट्युटरी, वर हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान, मनाचा स्वभाव या सगळ्याचा कारभार हायपोथॅलॅमसकडे. पिशवी वाढून मेंदूतल्या पाण्याची वाट अडली की सकाळची डोकेदुखी आणि उलटी. नसांवर दाब आला की दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते. मूल दाराच्या चौकटीला खांदा आपटतं, ताटाशेजारचा पेला सांडतं आणि धांदरट म्हणून बोलणी खातं. पिट्युटरी दबली की वाढीचं हार्मोन कमी पडतं, पँट आखूड होत नाही. पाणी रोखणारं हार्मोन कमी पडलं की तहान आणि लघवी. तुम्हाला जे आठवतंय ते सगळं एकाच गाठीचं असू शकतं.

ऑपरेशनआधी काय बघायचं ते वाटसरूंनी बरोबर सांगितलं. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर मूल कोसळू शकतं. कॉर्टिसॉलचा रिपोर्ट यायला वेळ असेल आणि मुलाला तातडीने ऑपरेशनला न्यायचं असेल तर स्टेरॉइड देऊनच नेतात. दुसरी गोष्ट, स्टेरॉइड सुरू केल्यावर काही मुलांची लघवी एकदम वाढते, कारण तोवर झाकलेली पाण्याच्या हार्मोनची कमतरता तेव्हा उघडी पडते. नर्सिंग स्टाफला हे सांगून ठेवा. आणि नजरेची नोंद, म्हणजे नंबर, कडेची नजर आणि नसेचं स्कॅनिंग, ऑपरेशनआधी कागदावर हवी. नाहीतर नंतर किती सुधारलं, किती बिघडलं ते कळायला मार्ग नाही.

आणि केस पेपरवर 'डायबिटीस इन्सिपिडस' असं पूर्ण लिहिलेलं असू द्या, नुसतं डायबिटीस नको. म्हणजे हीच पाण्याच्या हार्मोनची कमतरता, याचा साखरेशी काही संबंध नाही. अशा मुलाचं पाणी चुकून तोडलं गेलं तर जिवावर बेततं.

ओवी

सोनचाफा, फारच छान समजावलंत. अमेरिकेचा फिगर स्केटर स्कॉट हॅमिल्टन, १९८४ च्या साराजेवो ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, त्यालाही हाच आजार. लहानपणी त्याची उंची वाढायची थांबली होती आणि कारण सापडत नव्हतं. गाठ कळली ती २००४ साली, मोठेपणी. २०१० मध्ये परत आली.

चिंचबन

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. कॉर्टिसॉल कमी निघालं, काल रात्रीच स्टेरॉइड सुरू केलं. हार्मोनच्या मॅडम आज येऊन गेल्या.

आता नवा पेच. एक सर्जन म्हणतात, गाठ पूर्ण काढायचा प्रयत्न करू. दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले, हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग सोडून देऊ, पिशवी रिकामी करू, जमेल तेवढं काढू आणि नंतर रेडिएशन. मेहुण्यांचे वडील म्हणतात, अर्धवट काम कशाला करायचं? लहान मुलाला रेडिएशन म्हटल्यावर बहिणीच्या पायाखालची जमीन सरकली आहे.

सोनचाफा

या आजारातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. माझं मत स्पष्ट सांगते: हायपोथॅलॅमस वाचवणं हे गाठ संपूर्ण काढण्यापेक्षा महत्त्वाचं.

एके काळी जगभर सर्जन गाठ पूर्ण काढायच्या मागे असत. स्कॅन स्वच्छ दिसायचा. पण त्यातली बरीच मुलं न भागणाऱ्या भुकेने वर्षभरात दुप्पट वजनाची होत, काहींची तहानच नाहीशी होई, स्मरणशक्ती आणि स्वभाव बदलून जाई. पॅरिसच्या गटाने २००७ मध्ये स्कॅनवरून श्रेणी मांडली: हायपोथॅलॅमसला धक्का नाही ती शून्य, नुसता सरकलेला किंवा दबलेला ती एक, गाठीत इतका गुरफटलेला की वेगळा ओळखूच येत नाही ती दोन. दोन असेल तर तिथे हात लावायचा नाही, हे बहुतेक अनुभवी केंद्रांनी आता स्वीकारलं आहे. जर्मनीत हर्मन म्युलर यांच्या गटाने कितीतरी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यांचं सांगणंही हेच.

तेव्हा सर्जनना असा थेट प्रश्न विचारा: हायपोथॅलॅमस कोणत्या श्रेणीत आहे आणि तुम्ही कुठे थांबणार? थांबण्याची जागा आधी ठरवून ऑपरेशनला जाणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. श्रेणी शून्य असेल, गाठ छोटी असेल, तर पूर्ण काढणं योग्यच. सरसकट नियम नाही.

आजोबांना सांगा, हे अर्धवट काम नाही, दोन टप्प्यांचं काम आहे. उरलेला भाग तसाच सोडला तर बहुतेक मुलांमध्ये तो पुन्हा वाढतो. रेडिएशन दिलं तर बहुतेकांत तो ताब्यात राहतो. मूल अगदी लहान असेल तर डॉक्टर रेडिएशन शक्य तितकं पुढे ढकलतात. एकच मोठी पिशवी असेल तर तिच्यात बारीक नळी ठेवून टाळूच्या कातडीखाली एक छोटी टाकी बसवतात, ओमाया रिझर्व्हायर. पिशवी भरली की सुईने त्यातून पाणी काढता येतं, आणि काही वर्षं निभावतात.

दूरदेशी

मी मूळची नाशिकची, अमेरिकेत रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. रेडिएशनबद्दल लिहिते, कारण आईबापांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

साधारण ५४ ग्रे (किरणांचं माप) डोस, ३० भागांत, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. एका वेळची मशीनवरची किरणं काही मिनिटांची, दुखत नाही. बराचसा वेळ जातो तो मुलाला नीट झोपवण्यात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात, म्हणजे डोकं रोज त्याच जागी राहतं. आठ वर्षांचं मूल बहुधा भूल न देता झोपतं, जर आधी मास्क हातात घेऊन बघू दिला, त्यावर रंग काढू दिला, तर. आमच्याकडे मुलं वाघ, कोळी-मानव काय काय रंगवून घेतात.

प्रोटॉन हा रेडिएशनचाच एक प्रकार. त्याचा फायदा असा की किरणं गाठीपाशी थांबतात, पलीकडच्या मेंदूला डोस जवळजवळ जात नाही. मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलने २०२३ मध्ये ९४ मुलांचा अभ्यास छापला: मर्यादित ऑपरेशन आणि प्रोटॉन. पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांत गाठ वाढलेली नव्हती. साध्या (एक्स-रे) किरणांनीही गाठ जवळपास तितकीच ताब्यात राहते. फरक पडला तो बुद्धीच्या चाचण्यांत, प्रोटॉनवाल्या मुलांची घसरण कमी झाली. भारतात चेन्नईला २०१९ पासून आणि खारघरला टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन आहे. नंबर लागत नसेल तर चांगल्या केंद्रातली नेमकी साधी किरणंही उत्तम उपचार आहेत, प्रोटॉनसाठी महिनोन् महिने थांबून नजर गमावू नका.

एक गोष्ट आवर्जून विचारा. रेडिएशन चालू असताना पिशवी फुगू शकते. त्यामुळे मधूनमधून एमआरआय करून बघतात, गरज पडली तर पाणी काढतात, किरणांची आखणी बदलतात. तिथल्या टीमची यासाठी काय सोय आहे?

निरंजन_पथ

आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, गाठी विरघळवतात. ऑपरेशनआधी एकदा दाखवायला काय हरकत?

सोनचाफा

निरंजनजी, तुम्ही काळजीपोटी सुचवताय हे कळतं. पण या मुलाच्या डोळ्याची नस आधीच सुजली आहे. नस एकदा सुकली की नजर परत येत नाही, आणि मेंदूतलं पाणी तुंबलेलं असताना एखादी रात्रसुद्धा महागात पडते. कुठल्याही काढ्याने ही गाठ विरघळत नाही. कृपा करून असा सल्ला कुणालाच देऊ नका.

वाटसरू

ठरल्याप्रमाणे सविस्तर लिहितो.

ऑपरेशननंतरचे दहा-बारा दिवस सगळ्यात धकाधकीचे. पहिल्या दिवसापासून मुलीला प्रचंड लघवी, सोडियम वर. ते आटोक्यात आलं असं वाटेपर्यंत चौथ्या-पाचव्या दिवशी लघवी एकदम कमी आणि सोडियम खाली. पुन्हा दोन-तीन दिवसांनी लघवी सुरू, ती कायमची. आम्हाला हे आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. त्या मधल्या टप्प्यात डेस्मोप्रेसिन (पाणी रोखणाऱ्या हार्मोनचं औषध) आधीसारखंच देत राहिलं तर सोडियम घसरून फिट येऊ शकते. म्हणून किती प्यायली, किती लघवी झाली याचा तक्ता बायको स्वतः लिहायची, नर्सच्या तक्त्याशी ताडून बघायची.

घरी आल्यावर डेस्मोप्रेसिनची गोळी. तिला लागायची पाव गोळी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पांढरा कागद पसरून, नव्या ब्लेडने गोळीचे चार भाग करायचे, चुरा झाला तर तोही कागदावरून त्याच डबीत. सुरुवातीला हात थरथरायचा. पुढे मेडिकलवाल्यांनी गोळी कापायची छोटी डबी दिली. डॉक्टरांनी शिकवलं की पुढची गोळी घड्याळ बघून द्यायची नाही, आधी लघवी मोकळी, पाण्यासारखी होऊ दे, मग द्यायची. आमच्या मुलीला तहान कळते, हे आमचं भाग्य. ज्या मुलांची तहान गेली आहे त्यांचं पाणी मोजून, रोज वजन करून ठरवावं लागतं.

हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीन वेळा. ताप आला, पडली, दाताचं काम निघालं, की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट किंवा तिप्पट. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर मांडीत इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. इंजेक्शनचा डबा आमच्या प्रत्येक प्रवासात असतो. बायकोने आणि मी संत्र्यावर टोचून सराव केला, आजीसुद्धा शिकली. तिच्या दप्तरात कार्ड आहे: आजाराचं नाव, औषधं, 'आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या, मग तपासा', डॉक्टरांचा फोन. एकदा सहलीत जुलाब होऊन ती मलूल पडली, तेव्हा गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचून पाच मिनिटांत इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात उठून बसली.

भुकेबद्दल थोडं. हे बाहेरच्यांना समजत नाही. जवळपास निम्म्या मुलांना हायपोथॅलॅमसमुळे वजनाचा त्रास होतो. आमच्या मुलीची भूक खरी असते, ती हट्ट करत नसते. लाडू-चिवड्याचे डबे घरात समोर ठेवणं आम्ही बंद केलं, सगळ्यांसाठीच. जेवणाच्या वेळा पक्क्या, ताट वाढून घ्यायचं, पातेलं टेबलावर नाही. लग्नाकार्यात कुणी 'खाऊ दे की पोरीला' म्हटलं तर मी बाजूला घेऊन समजावतो. कुणी तिच्या देखत 'किती जाड झालीस' म्हटलं तर मात्र तिथल्या तिथे थांबवतो. वजन कमी करण्यासाठी नवी औषधं तपासली जातायत, तुमच्या डॉक्टरांना विचारत राहा.

वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन, गाठ वर्षभर शांत राहिल्यावर सुरू केलं. त्याने गाठ परत येते अशी भीती होती, पण आतापर्यंतच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं. रोज रात्री टोचायचं, आणि महाग. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आता पाच लाखांपर्यंत. ती कुठल्या हॉस्पिटलला लागू आहे ते दाखल व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करा. पण रोजची औषधं वर्षानुवर्षं लागतात, त्याचा हिशोब घरात आत्ताच मांडा.

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात असं एक मूल होतं. पालकांनी शाळेला एक पान लिहून द्यावं, तोंडी सांगितलेलं बदली शिक्षकांपर्यंत पोचत नाही. त्यात हवं: पाणी आणि लघवीला कधीही परवानगी, न विचारता. ताप किंवा उलटी झाली तर पालक येईपर्यंत वाट बघायची नाही. कोणत्या बाजूची नजर कमी आहे, म्हणजे बाक त्याप्रमाणे देता येतो. दुपारी पेंग येते, त्यावर रागवायचं नाही. नजर बरीच कमी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो.

चिंचबन

मंडळी, बातमी द्यायला आले. ऑपरेशन झालं. हायपोथॅलॅमस श्रेणी दोन निघाला. पिशवी रिकामी केली, जमेल तेवढी गाठ काढली, टाकी बसवली. डॉक्टरांनी कुठे थांबणार ते आधीच चित्र काढून सांगितलं होतं आणि तिथेच थांबले. आजोबांना ते चित्र दाखवलं तेव्हा त्यांना पटलं.

सोडियमचं अगदी वाटसरूंनी लिहिल्यासारखंच झालं, वर, खाली, पुन्हा वर. बहिणीने तक्ता ठेवला होता. पाचव्या दिवशी लघवी कमी झाल्याचं तिच्याच लक्षात आलं आणि संध्याकाळचं डेस्मोप्रेसिन डॉक्टरांनी थांबवलं. पॅथॉलॉजीत अ‍ॅडमँटिनोमॅटसच आलं. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी सुधारली आहे, डाव्याची तशीच आहे. तहान कळते. खारघरला नाव नोंदवलंय, पुढच्या आठवड्यात मास्कचं माप. त्याला मास्कवर छत्रपतींचा जिरेटोप रंगवून हवा आहे.

दूरदेशी

रंगवणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, माप घेतल्यावर वेळ देतात. टाकीतून पाणी काढायला लागलं तर न्यूरोसर्जरीवाले तिथे कोण, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.

पाणकणीस

हा धागा वाचून धास्ती बसली. माझा मुलगा नऊ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. डोकंही कधीमधी दुखतं. एमआरआय करून घेऊ का?

सोनचाफा

लगेच एमआरआय नको. बुटकी मुलं खूप असतात, ही गाठ फार थोड्यांना असते. आधी उंची नीट मोजा: चप्पल-बूट काढून, टाचा भिंतीला, डोक्यावर सपाट पुस्तक, भिंतीवर पेन्सिलची खूण आणि तारीख. सहा महिन्यांनी पुन्हा. शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या जुन्या नोंदी असतील तर त्या शोधा. आकडे भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मांडून घ्या. मूल आधीपासून खालच्या रेषेवर असेल आणि त्याच रेषेने वर चढत असेल, आईवडीलही बुटके असतील, तर बहुधा काळजीचं कारण नाही. या वयात वर्षाला चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल, किंवा मूल वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर घसरत असेल, तर तपासण्या करायच्या.

मात्र सकाळची उलटी आणि डोकेदुखी, टीव्हीजवळ जाणं किंवा कडेला आपटणं, रात्री उठून उठून पाणी पिणं, यातलं काहीही दिसलं तर सहा महिने थांबू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यात थेंब घालून नस बघून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुमच्या मुलाचं डोकं दिवसाच्या कोणत्या वेळी दुखतं, ते आधी मला सांगा.

पाणकणीस

शाळेतून आल्यावर, उन्हातून खेळून आला की. सकाळी कधीच नाही, उलटीही नाही. उंची आज संध्याकाळीच मोजते, बालरोगतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतली आहे.